सेलू ते जैसलमेर : वाळू एक रात्र, बाकी सगळं पाण्याचं

"गोदावरीत वाळू कमी पडली व्हय, म्हणून एवढ्या लांब घेऊन चाललास?" तिकिटं काढली म्हणून सांगितलं, तर आईचं हे पहिलं वाक्य. त्यावर दाजी म्हणाले, "मामी, आता गोदावरीत तरी कुठं राहिली?" एवढ्यावर विषय मिटला आणि जानेवारी २०२५ मध्ये आम्ही पाच जण निघालो. मी, बायको, आई, आक्का आणि दाजी. घरातून घरापर्यंत आठ दिवस. त्यातले येण्याजाण्याचे वजा केले तर जैसलमेरला चार रात्री मिळाल्या. तेवढ्या पुरतात, पण त्याहून कमी करू नका.

आधी जाण्याचं. संध्याकाळी परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सेलूहून देवगिरी एक्सप्रेस पकडली, पहाटे दादर. तिथून जोधपूरची सूर्यनगरी एक्सप्रेस वांद्रे टर्मिनसवरून दुपारी सुटते. इथंच आपली माणसं फसतात, कारण वांद्रे लोकलचं स्टेशन वेगळं आणि वांद्रे टर्मिनस वेगळं. सामान घेऊन वांद्र्याला उतरलात तर रिक्षावाल्याशी घासाघीस आलीच. दादरहून स्लो लोकलनं खार रोडला उतरा. तिथून पादचारी पूल थेट टर्मिनसला नेतो. आम्हाला हे एका हमालानं सांगितलं, तेही वांद्र्याला उतरून रिक्षाचे पैसे देऊन झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूर. पुढं जैसलमेर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. गाड्या आहेत, बसही भरपूर आहेत. आम्ही बसनं पाच तासांत पोचलो. आम्ही जाऊन आलो आणि जुलै २०२५ मध्ये काचीगुडा ते भगत की कोठी अशी रोजची गाडी नांदेड-अकोला मार्गे सुरू झाली. भगत की कोठी म्हणजे जोधपूरच. नांदेड, पूर्णा, हिंगोलीच्या लोकांनी आता मुंबईची वारी कशाला करायची? रस्ता लांबचा आहे, पण गाडी बदलायची कटकट नाही.

मुक्कामात आम्ही चुकलो. मोबाइलवर खोली इतकी स्वस्त दिसली की दाजींना संशय आला होता. मी म्हटलं, हंगाम असेल. संध्याकाळी चहा घेऊन मालक स्वतः आला आणि "सफारी आमच्याकडूनच घेणार ना?" म्हणाला. दर विचारला तर बाजारात चाललेल्या दराच्या दीडपट. नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी गरम पाणी बंद. स्वस्त खोलीची वसुली सफारीतून करायची ही तिथली जुनी रीत आहे, असं मग रिक्षावाल्यानं हसत सांगितलं. खोली घेण्याआधी सरळ विचारा, सफारी सक्तीची आहे का. नसेल तर तसं मेसेजवर लिहून घ्या. तिसऱ्या दिवशी आम्ही गडीसर तलावाजवळ दुसरीकडं गेलो. तिथं पैसे थोडे जास्त गेले पण झोप लागली.

किल्ल्यातसुद्धा हॉटेलं आहेत आणि गच्चीवरून शहर छान दिसतं म्हणून लोक तिथंच राहतात. मी राहणार नाही. रावळ जैसलनं ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला तो घागरीनं पाणी वाहून आणणाऱ्या लोकांसाठी. पुढं नळ आले, संडास-बाथरूम आले, हॉटेलं आली. ते सगळं पाणी खाली टेकडीत मुरतं आणि भिंती आतून ढिल्या होतात. गेल्या पंचवीसेक वर्षांत बुरूज ढासळलेत, ऑगस्ट २०२४ मध्ये पावसानं तटबंदीचा एक भाग पडला. किल्ला वाळवंटातला आणि त्याला खातंय पाणी. किल्ला दिवसा पाहा, राहायला खाली या.

चढ दगडी आहे आणि पावलं घासून गुळगुळीत झालाय. आईचे गुडघे दुखतात, म्हणून रिक्षा करून वरच्या चौकापर्यंत गेलो. चालत गेलात तर अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि शेवटी हवा पोल असे चार दरवाजे लागतात. उतरताना आई हवा पोलच्या कमानीत ओट्यावर टेकली. बाहेर ऊन चटका देत होतं आणि तिथं मात्र पदर उडेल असा वारा. "घर बांधताना असलं काही सुचलं नाही तुमच्या बापाला," म्हणाली आणि अर्धा तास उठली नाही.

जैन मंदिरं बघायची तर सकाळी जा. दुपारनंतर आपल्यासारख्यांना आत सोडत नाहीत. चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवर ठेवून जा, नाहीतर दारात पट्टा काढून पँट सावरत उभं राहावं लागतं. देवगिरीवर १२९६ मध्ये चालून आलेल्या अल्लाउद्दीन खिलजीनं इथंही वेढा घातला होता, असं इथल्या परंपरेत सांगतात. त्यावरून दाजींनी गाईडला दौलताबादचा अख्खा किल्ला ऐकवला. गाईड बिचारा पैसे आपणच द्यायचे की काय अशा चेहऱ्यानं ऐकत होता.

हवेल्यांपैकी पटवों की हवेली एक पाहिली तरी चालेल. ती खरं तर पाच हवेल्यांचा गट आहे आणि तिकिटं वेगवेगळी आहेत, तेव्हा खिडकीवर नीट विचारून घ्या. नथमल हवेली दोन भावांनी दोन बाजूंनी कोरली म्हणतात. बारकाईनं पाहिलं तर डावी-उजवी जुळत नाही. आक्कानं त्यातले पाच फरक शोधले.

आता वाळूचं. सम म्हणजे वाळूच्या टेकड्यांची प्रसिद्ध जागा, इथून चाळीसेक किलोमीटर. सगळे तिथंच जातात आणि म्हणूनच तिथं जाऊ नये असं माझं मत झालंय. उंट, जीप, चार चाकांच्या मोटारसायकली, त्यात प्रत्येक तंबूवाल्याचा वेगळा डीजे. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत उभं राहून सूर्यास्त बघायचा असेल तर सम ठीक. आम्ही खुडीला गेलो. अंतर जवळपास तेवढंच, टेकड्या लहान, गर्दी कमी. आमच्या कॅम्पवर मांगणियार, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाणाऱ्यांच्या जमातीतले, एक म्हातारे कमायचा घेऊन आले होते. गजानं वाजवायचं वाद्य, खालचा भाग गोल, त्यावर कातडं ताणलेलं. सुरुवातीला त्यांनी पाहुण्यांना आवडतात म्हणून हिंदी गाणी घेतली. आईनं मला कोपर मारलं, "त्यांचं त्यांचं म्हणायला सांग की." मग ते तासभर त्यांचं त्यांचं गायले. शब्द आम्हाला कळले नाहीत, पण आई मांडीवर ताल धरून बसली होती.

उंटावर बसणार असाल तर एक ध्यानात ठेवा. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळे आपण पुढं फेकले जातो. तेव्हा अंग मागं टाकायचं. बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागंच. आक्कानं नेमकं उलटं केलं आणि उंटाच्या मानेला मिठी मारली. रात्री थंडी चांगलीच पडते. घरून निघताना आईच्या वाकळेवरून सगळ्यांनी तिला चिडवलं होतं. कॅम्पची रजई पातळ निघाली आणि रात्री दोन वाजता त्याच वाकळेत आक्का शिरली.

एक रात्र वाळू बस झाली. चार रात्रींपैकी मला सगळ्यात जास्त आठवतं ते कुलधरा रस्त्यावरचं शेत. कुलधरा शहरापासून अठराएक किलोमीटर, पालीवाल ब्राह्मणांचं सोडून दिलेलं गाव. दिवाण सालिमसिंगाच्या जाचामुळं एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावं उठून गेली, अशी गोष्ट सांगतात. पाणी आटलं म्हणून हळूहळू लोक गेले असावेत, असंही अभ्यासकांचं म्हणणं आहे. भुताच्या गोष्टी ऐकवून पैसे काढणारे तिथं बरेच आहेत, त्यांना वाटेला लावा. आम्ही ड्रायव्हरला म्हटलं, ह्या लोकांची शेती कुठं होती? त्यानं गाडी थोडी पुढं नेऊन थांबवली. सगळीकडं खडकाळ माळ, खुरटी झुडपं, आणि मधेच सखल भागात हिरवागार गहू. त्याला खडीन म्हणतात. उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घातलेला. पावसाळ्यात आजूबाजूच्या माळाचं पाणी वाहत येऊन बांधाला अडतं, तिथंच मुरतं. पाणी उतरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस आणि वरून एकही पाणी न देता गहू.

दाजींची चार एकर आहे, कापूस-सोयाबीन. ते बांधावरून खाली उतरले, बोटानं माती उकरली, ढेकूळ मुठीत दाबून बघितलं. "अरे, ही तर गाळपेर!" तलाव आटल्यावर आपल्याकडं पेरतात तीच. फरक इतकाच की आपण तलाव आटला म्हणून पेरतो आणि हे आटणार हे धरूनच बांध घालतात. परतताना गाडीत बराच वेळ ते गप्प होते. मग एकदम म्हणाले, "आपल्याला ह्यांच्या तिप्पट-चौपट पाऊस. अन् लातूरला पाणी रेल्वेनं." २०१६ चं ते सगळ्यांनाच आठवत होतं. कुणी काही बोललं नाही.

शेवटच्या सकाळी गडीसर तलावावर लवकर जा, सात-साडेसातला. नंतर होड्या आणि फोटोवाल्यांची गर्दी होते. चौदाव्या शतकात गडसी रावळांनी हा तलाव नव्यानं बांधून घेतला. नळ येईपर्यंत सगळं शहर त्यावर होतं. आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं, पार पंजाबातून.

तनोट-लोंगेवाला करायचं असेल तर पूर्ण दिवस ठेवा. तनोट एका बाजूनं सव्वाशेएक किलोमीटर आहे. आम्ही गाडीला चार हजार दिले. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा, झेरॉक्सवर विसंबू नका. तनोट मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दलाचे जवान सांभाळतात. न फुटलेले तोफगोळे काचेत ठेवलेत. डिसेंबर १९७१ ची लढाई झाली ते लोंगेवाला पुढं आहे. रामगढच्या पुढं मोबाइल दगा देतो, त्यामुळं जेवण आणि पेट्रोल तिथंच उरकून घ्या. वाटेत माळढोक दिसेल म्हणून आम्ही काचेला नाक लावून बसलो होतो. तिकडं त्याला गोडावण म्हणतात. दिसला नाही. दाजी म्हणाले, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तरी कुठं दिसतो.

कधी जावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माघी पौर्णिमेच्या सुमारास मरू महोत्सव असतो. तो बघायचा नसेल तर त्या तारखा टाळा, खोल्यांचे दर अंगावर येतात.

खाण्याचं शाकाहारी माणसाला काही अवघड नाही. आईची तुळशीची माळ, पण तिची कुठंच अडचण झाली नाही. दाल-बाटी आपल्याला नवी नाही, बाजरीची भाकरी तर घरचीच, फक्त तूप जरा सढळ हातानं. घोटुआ लाडू घ्या. केर-सांगरीची भाजी आम्ही गल्लीतल्या मारवाडी काकूंकडं लग्नात खाल्ली होती, पण सांगरी म्हणजे काय ते तिथं कळलं. शमीच्या कोवळ्या शेंगा, उकडून वाळवलेल्या. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच शमी, आपल्याकडची सौंदड. आईनं दुकानदाराकडून तीन वेळा खात्री करून घेतली आणि अर्धा किलो बांधून घेतली. घेणार असाल तर रात्रभर भिजवायची, हे विसरू नका. आम्ही पहिल्यांदा विसरलो आणि दोऱ्या चावल्यासारखं झालं.

मे महिन्यात आई एका दुपारी पिशवी घेऊन घरी आली. मारुतीच्या देवळामागच्या सौंदडीखाली पडलेल्या शेंगा वेचून आणल्या होत्या. मोडून बघितल्या तर सगळ्या जून. "महिनाभर आधी जायला पायजे होतं," म्हणाली आणि म्हशीपुढं टाकल्या.