दादाच्या बाटलीवरची रेघ

दादाची निळी बाटली एक लिटरची आहे. आई होती तेव्हा ती सकाळी भरायची आणि दुपारी पुन्हा भरायची. मागच्या मार्चमध्ये एकदा मी बँकेतून घरी आले तर बाटली जवळजवळ भरलेली. "आत्ताच भरली ताई," दादाला सांभाळायला ब्युरोने, म्हणजे घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीने, पाठवलेला माणूस म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी निघताना मी पाऊण बाटली पाणी ठेवलं आणि पाण्याच्या पातळीला मार्करने बारीक रेघ मारली. संध्याकाळी पाणी रेघेलाच होतं.

पाणी कमी पाजलं की डायपर कमी बदलावे लागतात. एवढंच गणित.

दादा ४४ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नाही; जोडीला बौद्धिक दिव्यांगत्व. बोलत नाही. तहान लागली की डाव्या हाताची मूठ हनुवटीवर घासतो. त्या आठवड्यात त्याची हनुवटी लाल झाली होती आणि मी घामोळं समजून तिला पावडर लावत होते.

ब्युरोला फोन केला. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, माणूस बदलून देतो." दुपारी दुसरा हजर. पहिल्याचं काय केलंत म्हणून विचारलं, तर म्हणे दुसरी ड्युटी दिली. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, दुसरी कुठली तरी बाटली.

मग मी कायदा वाचायला बसले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ९२. दिव्यांग व्यक्ती ज्याच्या ताब्यात आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद, शिवाय दंड. वाचून गार झाले. कुणीतरी हे आधीच पाहिलेलं होतं, नाहीतर कलमात पाणी आलं नसतं. तरी मी तक्रार केली नाही. पुरावा काय, तर मार्करची रेघ. साक्षीदार कोण, तर दादा. आणि खरं सांगायचं तर पोलीस ठाण्यात दिवस गेला असता आणि घरी दादाजवळ बसायला कोणी नव्हतं.

मला खुपतं ते वेगळंच. आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. त्याच्या एजन्सीला २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली लायसन्स लागतं, माणसाची पार्श्वभूमी तपासावी लागते, प्रशिक्षण द्यावं लागतं. ब्युरोवाल्याकडे लायसन्स मागितलं तर त्याने व्हॉट्सॲपवर शॉप ॲक्टचा, म्हणजे साध्या दुकान-नोंदणीचा, फोटो पाठवला. दादाला एखाद्या निवासी संस्थेत ठेवलं असतं तर त्या संस्थेला २०१६ च्याच कायद्याने नोंदणी लागली असती. गाड्या राखणाऱ्याला लायसन्स, आणि दादाला आंघोळ घालणाऱ्याला फक्त आधार कार्डची झेरॉक्स.

आणि माझ्यावर मात्र किती लक्ष! राष्ट्रीय न्यास ही दादासारख्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था. आई गेल्यावर तिच्या १९९९ च्या कायद्याखाली मी दादाची कायदेशीर पालक झाले. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीने नेमणूक केली. सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, दर आर्थिक वर्ष संपलं की तीन महिन्यांत हिशेब. मी देते. आईच्या ठेवीवरच्या व्याजाचा रुपयान् रुपया त्यात असतो. योग्यच आहे ते. पण बारा तास घरात त्याच्याजवळ कोण असतं, हे त्या फॉर्ममध्ये कुठेच नाही. तीच समिती जिल्ह्यातल्या ब्युरोंची नोंद ठेवू शकेल, कुणाला कुठून का काढलं ते लिहून ठेवू शकेल, कधीतरी न सांगता कुणाच्या घरी डोकावू शकेल. माझ्या घरीसुद्धा. मी चहा करीन.

"कॅमेरा बसव ना," असं निदान दहा जणांनी सुचवलं. दादाचे कपडे बदलताना कॅमेरा? त्याला विचारलंय कुणी?

त्या पहिल्या माणसाबद्दलही सांगते, नाहीतर अर्धंच होईल. मी ब्युरोला महिना २४ हजार देत होते. त्याच्या हातात १५ पडायचे, हे नंतर कळलं. रात्री तो एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे दुसरी ड्युटी करायचा. झोपायचा कधी, तर आमच्याकडे, दुपारी. त्याला शिक्षा झाली असती तर ब्युरोचं काय वाकडं झालं असतं? राष्ट्रीय न्यासाची काळजीवाहकांना शिकवण्याची 'सहयोगी' नावाची योजना आहे. आमच्याकडे आजवर पाच जण आले, एकानेही नाव ऐकलेलं नव्हतं.

आताचा माणूस बरा आहे. मी एक दोनशे पानी वही केली आहे, पहिल्याच पानावर 'मूठ हनुवटीवर = पाणी'. तो रोज त्यात लिहितो. मंगळवारी लिहिलं होतं, 'कुकरची शिट्टी झाली की हसतात. तीन वेळा बघितलं.' चाळीस वर्षांत हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

परवा बाटली विसळताना त्याने विचारलं, "ताई, ही रेघ कसली?"

"आधीपासूनच आहे," मी म्हटलं.