दोडक्याची संध्याकाळ

गच्चीवर भाजी लावायची म्हटलं की लोक आधी बियाणं विचारतात, मी आधी स्लॅब बघतो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीला चौरस मीटरमागे साधारण १५० किलो भार धरतात. भिजलेल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या) पिशव्या कुठं ठेवायच्या ते खालच्या तुळया बघून ठरतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका काकूंच्या घरी हे सगळं नीट झालं होतं. वर २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, चारी बाजूंनी बारीक विणीची ४० मेशची जाळी, ठिबक. पांढरी माशी ही रस शोषणारी कीड शिरू नये म्हणून दाराला दुहेरी पडदा मी स्वतः बसवला होता.

ऑगस्टात काकूंचा फोन आला. "दादा, दोडका फुलतोय पण धरंना. बोटाएवढा होतोय आणि पिवळा पडून गळतोय."

ते बियाणं विकतचं नव्हतं. कागलकडच्या माहेरी आढ्याला टांगलेल्या वाळक्या दोडक्यातलं, आईनं वर्षानुवर्षं राखलेलं.

सकाळी जाऊन बघितलं. पीएच ६.१, ईसी (पाण्यात विरघळलेल्या खताचं माप) व्यवस्थित, मुळं पांढरीशुभ्र. दुकानदारानं बोरॉनचं खत आधीच माथी मारलेलं. कळी गळाली की बोरॉन, पान पिवळं पडलं की टॉनिक. झाड न बघता बाटली काढून देणाऱ्यांचा मला संताप येतो. पण त्या सकाळी मीसुद्धा खताचं प्रमाण बदलायच्याच विचारात होतो. शेजारी काकडी लगडली होती ना! ती परागीभवनाशिवाय धरणारी संकरित जात, मीच आणून दिलेली. काकडी भरतेय म्हटल्यावर माशी-भुंग्याकडं लक्षच गेलं नाही.

काकू सहज म्हणाल्या, "आमच्यात दोडका फुलला की दिवेलागणीला वेलावर पाखरं घोंगावायची. हितं एक पण दिसत नाही बघा."

मी हातातला मीटर खाली ठेवला. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, हे मला माहीत होतं. पण मी कायम सकाळी जाणार, तेव्हा फुलं मिटलेली. आणि पराग नेणाऱ्या त्या पाखरांची, म्हणजे पतंगांची, वाट मीच जाळीनं बंद केलेली.

सहाला परत गेलो. वर कागदावर पाऊस वाजत होता, आत पिवळी फुलं एकेक सुटत होती. नराची घोसात, मादीचं एकटं, देठापाशी शिरा उठलेला इवलासा दोडका. नराचं फूल तोडलं, पाकळ्या मागं दुमडल्या आणि पराग मादीच्या फुलावर हलकेच टेकवला. दोन फुलं मी केली, पुढची नऊ काकूंनी. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता. प्रत्येक देठाला त्यांनी लाल दोरा बांधला.

चौथ्या दिवशी अकरातले नऊ हिरवेगार, वीतभर व्हायला आलेले. बिनदोऱ्याचे गळून खाली पडलेले.

आता जाळीला झिपची खिडकी करून संध्याकाळी दोन तास उघडावी का, हे माझं ठरत नाही. पतंग येतील, तशी पांढरी माशीही येईल, आणि ती एकदा शिरली की काकडीसुद्धा हातची जाईल. काकू लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्यात. गच्चीची किल्ली माझ्याकडं आहे, लाल दोऱ्याची रीळ दाराशेजारच्या खिळ्याला. रोज सहाला मी जातो. काल सात फुलं होती.