दिवसाला राखण असलेले शेत

अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात पीटरबरो गावाबाहेरच्या झाडीत ‘मॅकडॉवेल’ हे कलावंतांचे निवासस्थान आहे. काही वर्षांपूर्वी तेथील पदकप्रदान सोहळ्याच्या दिवशी एरवी बंद असणारे स्टुडिओ सर्वांसाठी उघडले होते, तेव्हा मला ते पाहता आले.

मुळात हे हिलक्रेस्ट नावाचे टेकडीवरचे शेत. पियानोवादक मॅरियन मॅकडॉवेल यांनी ते १८९६ मध्ये विकत घेतले आणि संगीतकार पती एडवर्ड यांना एकान्त मिळावा म्हणून दोन वर्षांनी रानात ओंडक्यांची एक खोली उभी करून घेतली. तिथे लाभलेली शांतता इतर कलावंतांनाही मिळावी, ही एडवर्ड यांची इच्छा होती. ते गंभीर आजारी असतानाच, १९०७ मध्ये, मूर्तिकार हेलन मिअर्स आणि त्यांची लेखिका बहीण मेरी तिथे राहायला आल्या. पुढच्याच वर्षी एडवर्ड गेले.

शेतावरच्या जुन्या कोठाराचे पुढे भोजनगृह झाले, झाडीत एकेक करून स्टुडिओ उभे राहिले. पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते इथले दिवसाचे वेळापत्रक. पिकाला राखण असते तशी या शेतावर कलावंताच्या दिवसाला राखण आहे: बोलावल्याशिवाय कोणी कोणाच्या स्टुडिओकडे फिरकायचे नाही, आणि दुपारचे जेवण टोपलीत घालून, दार न वाजवता, पायरीशी ठेवून जायचे. लिहिणाऱ्या बाईच्या वाटेत रोज पहिली येते ती दुपारच्या स्वयंपाकाची वेळ, हे मी वर्षानुवर्षे अनुभवले असल्यामुळे त्या पायरीपाशी माझा पाय बराच वेळ निघाला नाही.

आत भिंतीवर लाकडी फळ्या आहेत. त्या खोलीत राहून गेलेल्या प्रत्येकाने त्यांवर सही केली आहे. जुन्या सह्यांची शाई लाकडात मुरून इतकी फिकी झाली आहे की डोळे जवळ नेल्याशिवाय अक्षर लागत नाही.

या सगळ्याला लागणारा पैसा उभा करण्यासाठी मॅरियनबाईंनी गावोगाव पियानोवादनाचे कार्यक्रम केले, आणि १९५६ मध्ये अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन त्या गेल्या. त्यांच्या नावाचा उल्लेख पतीच्या नावामागून होतो, याची मला खंत वाटते. निवड झालेल्या कलावंताकडून आजही राहण्याचे वा जेवणाचे पैसे घेतले जात नाहीत. आपल्याकडच्या लिहित्या मैत्रिणींनी तिथे जरूर अर्ज करावा.