यकृत उसवलं (भरतकामातला शरीरनकाशा, आठवडा सातवा)

मंडळी, मागच्या वेळी मिरवलेलं यकृत रविवारी उसवलं. सगळं नाही, निळ्या तीस गाठी.

हिशेब सोपा होता. यकृतातल्या टी पेशींपैकी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी एक प्रकार) १ टक्का म्हणजे एक गाठीचा टाका. निळा रंग आयएनकेटी पेशींचा, ही टी पेशींचीच एक जात. आकडा वाचला, तीस गाठी घातल्या आणि नंतर लक्षात आलं की आकडा उंदराचा आहे! माणसाच्या यकृतात या पेशी जेमतेम १ टक्का, बऱ्याचदा त्याहून कमी. तिथे गर्दी मेट (एमएआयटी) या दुसऱ्या जातीच्या टी पेशींची, २० ते ४० टक्क्यांपर्यंत. उंदरात नेमक्या त्याच विरळ. जिवाणू ब-२ जीवनसत्त्व बनवताना जे रेणू तयार होतात, ते मेट पेशी ओळखतात. आतड्यातलं रक्त आधी यकृतातच येतं, तेव्हा पहारा तिथे असणं पटतं. ब-२ मुळातच पिवळं, म्हणून धागा हळदी घेतला.

मांजरपाटावर भोकं मात्र राहिली. नखाने घासलं, पाण्याचा हबका मारून इस्त्री फिरवली, तरी उजेडात धरलं की दिसतातच.

मग शेजारी उंदीरही काढायला घेतला. त्याच्या यकृतात निळ्या गाठी नुसत्या ठोकून चालेना, कारण या पेशी एका जागी बसत नाहीत. २००५ साली जिवंत उंदराच्या यकृतात त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या: बारीक रक्तवाहिन्यांत सरपटत फिरतात, प्रवाहाच्या उलटसुद्धा, आणि ओळखीचा रेणू भेटला की थबकतात. म्हणून मी धावदोरा घालून शेवटी गाठ मारली. आजवरच्या कामात हाच तुकडा मला सगळ्यात आवडलाय. फिरल्या तरी घर सोडत नाहीत, बरं का. दोन उंदरांचं रक्ताभिसरण जोडलं तरी बहुतेक पेशी आपापल्याच यकृतात राहतात.

उंदराच्या कानावर फांद्या फुटलेल्या गॅमा-डेल्टा पेशी (याही टी पेशीच) एकपदरी धाग्याने काढल्या. डोळे गेले कामातून. माणसाच्या त्वचेत ही फांद्यांवाली जातच नाही, तेवढी मेहनत वाचली.

आता लहान आतडं. अस्तराच्या दर ५ ते १० पेशींमागे एक लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या गटातली पांढरी पेशी) बसलेली. उंदरात त्यातल्या निम्म्याच्या आसपास गॅमा-डेल्टा. जांभळ्याची एकच लडी उरलीये, आणि त्या छटेचा नंबर असलेला कागद मी फेकून दिलाय.