नितळ सीरम

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपून आठवडा झाला होता. आमच्या लॅबमध्ये सकाळी सातलाच रांग लागते, त्यात रात्रपाळी करून थेट आलेले माग कामगारही असतात. केसांत कापसाचे तंतू अडकलेले, डोळे तारवटलेले. चौदा वर्षं मी रक्त काढते, पण त्या सकाळच्या दोन नळ्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रीफ्यूज थांबलं, झाकण उघडलं आणि शिकाऊ पोरगा ओरडलाच, "ताई, हे बघा!" एका नळीतलं सीरम, म्हणजे रक्ताची गुठळी खाली बसल्यावर वर राहणारं पाणी, दुधासारखं पांढरं होतं. मागे बोट धरलं तर बोट दिसेना. एका व्यापारी काकांचा नमुना होता. आदल्या रात्री लग्नाचं जेवण आणि सकाळी येताना चहा-खारी. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ११४० आलं. मशीनने एलडीएलची, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलची, जागा रिकामी सोडली, कारण आमच्याकडे ते वजाबाकीने निघतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे गणितच बिघडतं. त्यांना बारा तास उपाशी राहून परत यायला सांगितलं. एवढं वाढलेलं असेल तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, हेही बजावलं.

शेजारच्या नळीतलं सीरम मात्र नितळ, फिकट पिवळं होतं. पोराने ती नळी पाहिलीसुद्धा नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

तासाभराने रिपोर्ट आला. एकूण कोलेस्टेरॉल ३७२, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १२०, म्हणजे एलडीएल ३०७. मी आधी मशीनवरच संशय घेतला. कंट्रोल, म्हणजे आधीच आकडा माहीत असलेले नमुने, लावले, ते बरोबर आले. नमुना पुन्हा चालवला, आकडा तोच. काकांचं सीरम दुधाळ होतं ते ट्रायग्लिसराइडच्या मोठाल्या कणांमुळे. एलडीएलचे कण इतके बारीक असतात की उजेड त्यांतून आरपार जातो. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून तिथे थर धरतात ते मात्र हेच.

माणूस होता चौतीस वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणारा. काटक, गालफडं बसलेली. दुपारी रिपोर्ट न्यायला आला तेव्हा रिवाजाप्रमाणे चप्पल बाहेर काढून आला. मी कागद काढायला वाकले आणि त्याच्या टाचांकडे नजर गेली. टाचेच्या वरची ती दोरीसारखी नस असते ना, रक्ताची नव्हे, पोटरी टाचेला बांधणारी, ती दोन्ही पायांना अंगठ्याएवढी जाड होती, गाठाळ.

"दादा, हे कधीपासून?"

"हे हाय की लहानपणापासून. चपलेनं घट्टं पडलंय."

मी आतून आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी खाली बसून दोन्ही नसा बोटांनी चाचपल्या, मग त्याला मुठी वळायला लावल्या. बोटांच्या पेरांवरही टणक उंचवटे होते. त्यांनी सरळ विचारलं, "वडील आहेत का?"

"नाहीत. मागावरच पडले. एकोणचाळीसचे होते. लोक म्हणाले, दारूनं गेले. पण ते पीत नव्हते, मॅडम."

ते वाक्य तो इतक्या हळू बोलला की मला गळ्यात आवंढा आला. इतकी वर्षं कोणीतरी त्याचं खरं मानावं म्हणून तो थांबला असावा.

छातीत आवळतं, मागाचा सुताने भरलेला जड बीम उचलताना, म्हणूनच त्याच्या डॉक्टरांनी तपासणी लिहिली होती. मॅडमनी तिथूनच त्यांना फोन केला आणि आम्ही त्याला रिक्षात घालून पाठवलं. त्याच संध्याकाळी ईसीजी झाला, पुढे अँजिओग्राफी, दोन ठिकाणी स्टेंट. थायरॉईड कमी असेल तरीही एलडीएल चढतं, म्हणून त्याच नमुन्यावर टीएसएच ही थायरॉईडची चाचणी लावली. ती नॉर्मल होती.

हा आजार, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, घराण्यातून येतो. यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर असतात. ते कमी पडले की कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं, तेही जन्मल्या दिवसापासून. टाचेच्या नसांत आणि बोटांच्या पेरांवर साठून गाठी होतात त्याही त्याच्याच. हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. जगात साधारण अडीचशे माणसांत एकाला हा दोष असतो, आणि उपचार न मिळालेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. रक्तवाहिन्या वर्षं मोजतात. याच्या चौतिसाच्या चौतीस वर्षांत एलडीएल असंच चढलेलं होतं. बारीक अंगाला कोलेस्टेरॉल नसतं, हे ऐकून ऐकून मला संताप येतो.

वर्षभरापूर्वीही कुठेतरी त्याची तपासणी झाली होती. रिपोर्टवर आकडा जाड अक्षरात होता, पण "तेलकट कमी खा" एवढंच सांगितलं गेलं. त्याने काय केलं असेल? शेंगाची चटणी सोडली. सोलापूरच्या माणसाने, कडक भाकरीबरोबर! शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच मुळी. वर्षभर तो नुसत्या वरणात भाकरी कुस्करून खात राहिला आणि औषध मात्र सुरू झालं नाही. त्याला कोलेस्टेरॉल उतरवणारी रोजची स्टॅटिनची गोळी हवी होती, सोबत आणखी एखादी.

मॅडमनी त्याला दोन्ही मुलांना घेऊन यायला सांगितलं, भावाबहिणींनाही निरोप धाडायला लावला. आईकडून वा बापाकडून आलेला हा दोष प्रत्येक लेकराकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. पोर दहाएक वर्षांचं असताना कळलं, तर बापाचं झालं ते त्याचं होण्याआधी हातात वेळ असतो.

पंधरा दिवसांनी तो मुलांना घेऊन आला. चालताना अजून छातीवर हात ठेवत होता. मुलगी नऊ वर्षांची, दोन वेण्या. सुई टोचताना रडली नाही, नळीतलं रक्तच बघत राहिली. धाकटा मात्र बापाच्या मांडीवर तोंड लपवून बसला.

दोन्ही सीरम नितळ होती. या वेळी मी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या, काही दिसणार नाही हे माहीत असूनही.

मुलीचं एलडीएल २१८ आलं.

मी आकडा सांगितला. तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "आणि धाकट्याचं?"

"अठ्ठ्याऐंशी," मी म्हटलं.