एस्प्रेसोसाठी घरी कॉफी भाजताना: रंगापेक्षा वजन बघा

कच्चे दाणे शक्यतो एप्रिल-मेमध्येच भरून ठेवावेत. चिकमगळूर-कोडगूकडच्या अरेबिका जातीच्या कॉफीची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होते, तो धुऊन, वाळवून, सोलून येईपर्यंत उन्हाळा उजाडतो. आणि जूनपासून पुण्याची हवा दमट झाली की कापडी पिशवीतले दाणे ओल धरतात. घट्ट झाकणाचा डबा हवाच.

सुरुवातीला 'प्लांटेशन ए' घ्या, म्हणजे धुतलेला, मोठ्या दाण्याचा अरेबिका. दाणे एका मापाचे हवेत, नाहीतर बारके करपतात तोवर मोठे आतून कच्चेच राहतात. क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा फेस, दाट हवा असेल तर १५ ते २० टक्के 'रोबस्टा पार्चमेंट' (कॉफीच्या दुसऱ्या जातीचा, धुतलेला दाणा) मिसळा, पण तो वेगळा भाजून. मॉन्सून्ड मलबारला (पावसाळी दमट वाऱ्यावर मुद्दाम ठेवलेले दाणे) आंबटपणा कमी, एस्प्रेसोत तो छानच लागतो. मात्र मुळात फिका, पिवळट असल्यामुळे रंगावर भाजणाऱ्याला तो हमखास फसवतो. त्याला आच मंदच द्या.

जाड लोखंडी कढईत २०० ग्रॅम पुरे. हात थांबवायचा नाही. चार-पाच मिनिटांत दाणे पिवळे होतात, गवताचा वास जाऊन पावासारखा येतो. नवव्या-दहाव्या मिनिटाला लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो, तो फर्स्ट क्रॅक. इथे आच थोडी कमी करा, एकदम नको. उष्णता अडली की कॉफी सपक होते. दाण्यांच्या टोकांना काळे ठिपके पडले तर आच फार मोठी होती. क्रॅक सुरू झाल्यापासून अडीच-तीन मिनिटांनी, दुसरी, बारीक तडतड (सेकंड क्रॅक) सुरू व्हायच्या आत उतरवा. चाळणीत ओतून पंख्यासमोर चार मिनिटांत गार करा. फोलपटं खूप उडतात, हे काम गॅलरीतच बरं.

आता वजन करा. २०० चे १७० ग्रॅम भरले तर घट १५ टक्के, एस्प्रेसोला योग्य. पण ऑगस्टमध्ये तोच आकडा दगा देतो: दाण्यात दोन टक्के ओल जास्त शिरली असेल तर घटीतला तेवढा भाग नुसतं पाणी असतं आणि कॉफी कमी भाजलेली निघते. तेव्हा घट १७ पर्यंत न्या.

भाजल्यावर सात ते दहा दिवस थांबा. आत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड निघाला नाही तर शॉट, म्हणजे मशीनमधून येणारी एस्प्रेसोची धार, वेडावाकडा वाहतो. मग १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी. एवढं जमूनही आंबट लागली, तर पुढची कढई वीस सेकंद उशिरा उतरवा.