आमची वाटचाल: बंडीकडून नंदीकडे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात बाबांचं सुतारकाम म्हणजे बंडी (बैलगाडी), वखर, तिफण आणि जू. पेरणी तोंडावर आली की दारात शेतकऱ्यांची गर्दी असायची. पुढे ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या आणि हे काम आटत गेलं. आम्हाला तगवलं ते तान्ह्या पोळ्यानं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही रीत आहे.

सागवान वनविभागाच्या लिलावातून घेतो, शिक्का आणि वाहतूक परवान्यासकट. धड एका ठोकळ्यातून कोरतो, वशिंड आधी. पाय मात्र वेगळे. लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, ज्यात आडवी आहे असा पाय नंदी उंबऱ्यावर आदळला की मोडतो. म्हणून रेषा उभी ठेवून पाय घडवायचा आणि खाच पाडून धडात ठोकून बसवायचा. यात वेळ जातो, पण असा नंदी धाकट्या भावंडांनाही पुरतो.

जुने नंदी दुरुस्तीला येऊ लागले, तेव्हा रंधा-पॉलिश मारून ते नव्यासारखे करून द्यावेत की नाही, हा प्रश्न पडला. त्याच सुमारास नायजेरियातल्या योरुबा लोकांबद्दल वाचलं. त्यांच्यात जुळ्यांपैकी एक लेकरू गेलं की त्याच्या नावानं लाकडी मूर्ती कोरून घेत. आई तिला न्हाऊ-खाऊ घाली, सजवी. वर्षानुवर्षं हात फिरून कित्येक मूर्तींचे नाक-डोळे गुळगुळीत झालेले दिसतात. ती झीज म्हणजे त्या आईची माया, ती घासून काढायचा हक्क कुणाला? तेव्हापासून आम्ही निखळलेला पाय, तुटलेलं चाक तेवढं बदलतो. लेकरांच्या हातांनी झिजलेल्या शिंगांना पॉलिश पेपर लावत नाही. गिऱ्हाईक चकाचक करून मागतं तेव्हाही हे समजावून सांगतो, आणि बहुतेकांना पटतं.

धंद्याच्या बाबतीत आधार वाटतो तो स्वीडनचा. तिथल्या दालार्ना भागात लोक हिवाळ्याच्या रात्री उरल्यासुरल्या लाकडाचे घोडे कोरत. नुसनेस गावात १९२८ मध्ये दोन भावांनी त्याचा कारखाना काढला, १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात तो घोडा पोचला, आणि आज तो स्वीडनची ओळख आहे. घोडे अजूनही त्याच गावात बनतात. आपल्या नंदीचंही तसंच व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

यंदापासून गावातली चार पोरं कोरीव काम शिकायला येतात. पोळ्यासाठीच्या ऑर्डरी आषाढ संपेपर्यंत घेतो. दुरुस्ती बारा महिने.